तिसऱ्या घरापर्यंत

“मग तो रशियन नाच काढून टाकू ना?”

विद्याधरने तिसऱ्यांदा विचारलं.

शमुवेल मास्तर कॉर्नेटचा पोचा काढत होते. कॉर्नेटच्या तोंडात त्यांनी लाकडी गोळा धरला होता आणि बाहेरून पितळेवर चमच्याची पाठ घासत होते. हात एक्क्याऐंशी वर्षांचा, पण दाब सारखा.

“ऐकू येतंय ना मास्तर?”

“येतंय.”

“मग?”

“डॅनियलनं पाडला हा. कबूल करत नाही. म्हणतो, पोचा आपोआप आला.”



चर्चमागच्या त्या हॉलमध्ये दर शनिवारी मुलांचा बँड भरायचा. अकरा मुलं. वाद्यं मास्तरांची, लग्नाचा बँड मोडला तेव्हा विकायची राहून गेलेली. मास्तर आधी पलटणीच्या बँडमध्ये होते, मग तीस वर्षं नगरच्या लग्नांत वाजवत हिंडले, आणि आता फक्त मुलांना शिकवत होते.

विद्याधर कुलथे दहाव्या वर्षी याच हॉलमध्ये क्लॅरिनेट शिकला. पुढे पुण्याला गेला. पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा दिल्या, सगळ्यांत पहिला आला आणि ते कधी विसरला नाही. आता तो गावातल्या शाळेत संगीत शिकवायचा. शनिवारी इथे यायचा.

गेले आठ महिने येत होता, पण क्लॅरिनेट आणत नव्हता.

मास्तरांनी कॉर्नेट उजेडात धरून पाहिली.

“नाच तूच आणलास,” ते म्हणाले.

ते खरं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याने भिंतीवर रशियाचा नकाशा लावला होता. शेजारी पांढऱ्या दाढीच्या माणसाचा फोटो. चायकोव्स्की, असं त्याने फळ्यावर लिहिलं, तेव्हा मुलं हसत सुटली.

“सर, हा चहा विकायचा का?”

“सर, याला एवढी थंडी वाजते तर हा नाच कशाला करतो?”

“अरे, थंडी वाजते म्हणूनच करतो!”

विद्याधरने स्पीकर चालू केला होता. नाच जेमतेम सव्वा मिनिटाचा. पहिल्या ठोक्यापासून पळत सुटणारा, आणि शेवटी असा वेग घेणारा की वाजवणारे एकमेकांना सापडू नयेत. मधूनमधून खंजिरी, कोणी धावता धावता टाळी द्यावी तशी.

संपला तेव्हा सगळी मुलं उभी होती. उभे राहा असं कोणी म्हटलं नव्हतं.

“परत, बाबा!” ऋजुता ओरडली.

मग जीभ चावून म्हणाली, “परत, सर.”

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. नाच मुलांच्या वाद्यांसाठी बसवायला विद्याधरला उन्हाळ्याची सुट्टी लागली. खंजिरी ऋजुताला मिळाली. ‘पोरगी सरांची म्हणून,’ असं डॅनियल म्हणाला, तर तिने त्याला खंजिरीनेच मारलं होतं.

गेल्या आषाढात तिला ताप आला. सहा दिवस होता.

खंजिरी हॉलमधल्या खिळ्यावर राहिली.

“परवा शनिवारी तू मुलांना काहीतरी सांगितलंस,” मास्तर म्हणाले. “सलोमी घरी जाऊन रडली. तिची आई आली होती माझ्याकडे.”

“खरं तेच सांगितलं.”

“काय?”

“हा माणूस कसा होता ते. पॅरिसमध्ये वाचनालयात वर्तमानपत्र उघडलं आणि त्यात बहीण गेल्याची बातमी वाचली. नंतर शेवटची सिंफनी वाजवली आणि नऊ दिवसांत स्वतः गेला. मुलांना हे कळायला हवं मास्तर. आपण त्यांना नाच तेवढा दाखवला. नाच म्हणजे त्याचं वरवरचं आहे.”

“आणि मग?”

“मग त्याचं संथ संगीत ऐकवलं. दिवे घालवून. अर्धा तास.”

“मुलं काय म्हणाली?”

“गप्प होती.”

“काहीच विचारलं नाही?”

विद्याधरने खिडकीकडे पाहिलं.

“सलोमीनं विचारलं.”

“काय?”

“सर, मग त्यानं नाच कधी लिहिला?”

“तू काय सांगितलंस?”

“…वेळ संपली असं सांगितलं.”

मास्तरांनी चमचा खाली ठेवला.

“मला सांग. कधी लिहिला?”

“त्याच सुमाराला.”

“बहीण जायच्या आधी का नंतर?”

“सगळं मिळून मोठं नृत्यनाट्य होतं ते, मास्तर. अर्धं झालं होतं तेव्हा बातमी आली. उरलेलं त्यानं नंतर केलं.”

“आणि नाच कुठल्या अर्ध्यातला?”

“ते… ते मला नक्की माहीत नाही.”

“ऐकून सांगता येईल?”

विद्याधरने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

“एवढ्या परीक्षा दिल्यास. ऐकून सांगता येईल का रे?”

“…नाही.”

मास्तरांनी परत चमचा उचलला.



“तुम्हाला नाही कळायचं मास्तर,” विद्याधर म्हणाला. आवाज चढला होता. “राग मानू नका. पण नाही कळायचं. तुमची पोरं सगळी आहेत.”

“आहेत,” मास्तर म्हणाले.



विद्याधर उठला. खिळ्यापाशी गेला. पिशवी त्याने घरूनच आणली होती. त्याने खंजिरीला हात लावला मात्र, सगळ्या चकत्या एकदम वाजल्या. त्याने तळहात दाबून त्या बंद केल्या. दाबूनच उभा राहिला.

“ने,” मास्तर पाठीमागून म्हणाले. “तुझी आहे.”

त्याने हात हळूहळू सोडला. खंजिरी खिळ्यावरच राहिली. पिशवीची घडी करून त्याने खिशात घातली.

“उद्या मुलं कुठल्या रस्त्यानं जाणार?”

दर वर्षी शाळेच्या खेळांच्या दिवशी मुलांचा बँड हॉलपासून मैदानापर्यंत वाजवत जायचा. गेल्या वर्षीपासून हा नाच; एवढासा, म्हणून वाटेत तोच पुन्हा पुन्हा.

“नेहमीच्याच,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे माझ्या गल्लीतून.”

“तुझ्या गल्लीतून.”

“पाण्याच्या टाकीकडून न्या.”

“का?”

“का काय मास्तर?”

“मी वाट बदलत नाही. तुला माहीत आहे. वाटेत घर कुठलं आहे, तेवढं बघतो.”

विद्याधरला माहीत होतं.

नगरमधल्या बँडवाल्यांची ती जुनी रीत. वाटेत दुखवट्याचं घर आलं की तीन घरं अलीकडे मास्तरचा हात वर जातो. बँड बंद. तीन घरं ओलांडली की हात खाली. बँड सुरू. मधल्या वाटेत नुसती पावलं. वरात असो, नवरदेव घोड्यावर असो, कोणी तक्रार करत नाही.

शमुवेल मास्तरांचं त्यात एक जास्तीचं होतं. दुसरे बँड जिथे थांबले तिथून पुन्हा सुरू करत. मास्तरांचा बँड तसं करत नसे. गाणं वाजत राहिलं असतं तर तोवर जिथे पोहोचलं असतं, तिथून तो सुरू होई. त्यामुळे गप्प चालतानाही प्रत्येकाला मनात मोजावं लागे. नवी माणसं दोन दोन वर्षं चुकत. लोक म्हणत, या म्हाताऱ्याला एवढं कशाला हवंय, कोणाला कळतंय?

“तांबट गल्लीतलं लग्न आठवतं?” मास्तरांनी विचारलं.

“आठवतं.”

“काय केलं होतंस?”

“तेरा वर्षांचा होतो मी.”

“काय केलं होतंस?”

विद्याधर बाकावर बसला.

“दुखवट्याच्या घराचं दार उघडं होतं. आत एक तरुण माणूस ठेवला होता. एक बाई त्याच्या पायातले मोजे काढत होती. एक निघाला. दुसरा निघत नव्हता. ती ओढत नव्हती, नुसती सोडवत होती. हळूहळू… मी बघत राहिलो. मोजणं सुटलं.”

“आणि?”

“आणि बँड पुढे गेला.”

“मग?”

“मग कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, बाळा, तू कोणाचा? मला सांगताच येईना. तुम्ही परत आलात. क्लॅरिनेट काढून घेतलंत. महिनाभर मोठा ढोल उचलायला लावलात.”

“दोन महिने.”

“दोन महिने.”

“का ते कधी विचारलं नाहीस.”

“चुकलो म्हणून. थांबलो म्हणून.”

“थांबलास म्हणून नाही,” मास्तर म्हणाले.

“मग कशाला?”

मास्तरांनी कॉर्नेट ओठांना लावली. एकच स्वर वाजवला. पोच्याच्या जागी तो जरासा थरथरला. त्यांनी मान हलवली आणि परत घासायला घेतलं.

“तू सांग आता,” ते म्हणाले. “तुझं घर कुठलं आहे?”

“म्हणजे?”

“उद्या तिथून जायचंय मला. घर दुखवट्याचं आहे का नाही, हे बँडवाला ठरवत नाही. घरातलं माणूस सांगतं. चालू का बंद?”

“आठ महिने झाले मास्तर. सुतक केव्हाच फिटलं. लोक काय म्हणतील?”

“लोकांना विचारत नाही. चालू?”

विद्याधरचे ओठ हलले. आवाज आला नाही.

“बंद?”

“…बंद.”

“शुभदाला विचारलंस? आई आहे ती.”

“तिचं काय वेगळं असणार?”

मास्तरांनी चमचा पुसला. मग म्हणाले, “ठीक. बंद.”

“म्हणजे नाच काढला ना?”

“नाच कसा काढू? बंद करायला काहीतरी चालू लागतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आवाज आला.

विद्याधर आंघोळ करून व्हरांड्यात उभा होता. उभं राहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. आतल्या खोलीत बसायचं, पंखा लावायचा. पण आवाज गल्लीच्या तोंडाशी आला आणि तो बाहेर आला.

अकरा मुलांचं वाजवणं ते. दोन कॉर्नेट एकमेकींशी भांडत होत्या. क्लॅरिनेट वरच्या स्वराला चिरकत होतं. तरी तो नाच होता. पळत सुटलेला, ओळखू येणारा. समोरच्या घरातली लहान मुलगी गॅलरीत येऊन कठड्याला धरून उड्या मारायला लागली.

प्रत्येक फेरीत चार ठिकाणी एक भोक होतं. खंजिरीचं. मुलांनी ती जागा कोणाला दिली नव्हती आणि भरूनही काढली नव्हती. तिथे सगळे क्षणभर वाट बघत आणि पुढे पळत.

विद्याधरने ते पहिल्यांदाच ऐकलं. मागचे आठ महिने त्याने नाच वाजवूच दिला नव्हता. मुलांनी सराव कधी केला असेल?

मास्तर पुढे होते. पांढरा शर्ट, पलटणीची जुनी टोपी. देशमुखांच्या फाटकापाशी त्यांचा उजवा हात वर गेला. तीन घरं अलीकडे.

नाच मध्येच तुटला.

पावलं राहिली. अकरा मुलांच्या बावीस बुटांची.

समोरची मुलगी उड्या मारायची थांबली. तिने आत वळून विचारलं, “आई, काय झालं?” आईने तिला ओढून आत घेतलं.

मुलं समोर बघत येत होती. कोणी विद्याधरकडे पाहिलं नाही. तसंच शिकवलं होतं त्यांना. त्यानेच शिकवलं होतं.

दुसऱ्या रांगेत सलोमीच्या डावीकडे एक माणूसभर जागा मोकळी होती. रांग वळली तरी ती जागा तेवढीच राहिली. सलोमीचे ओठ हलत होते. डॅनियलचेही. सगळ्यांचेच.

विद्याधरच्या पाठीमागे शुभदा दारात आली.

“का थांबले?” तिने विचारलं.

“रीत आहे.”

“रीत मला माहीत आहे. आपल्या घरासाठी कोणी सांगितलं?”

त्याने मुलांकडे पाहिलं.

“तुम्ही सांगितलंत?”

“…मला वाटलं, तुला त्रास होईल.”

शुभदा काही वेळ पावलांचा आवाज ऐकत उभी राहिली.

“आठ महिन्यांनी आज पहिल्यांदा काहीतरी या गल्लीत येत होतं,” ती म्हणाली. “मी पोळीचा तवा खाली उतरवून आले.”

ती आत गेली नाही. पण त्याच्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली.

मास्तर विद्याधरच्या फाटकासमोर आले.

आणि थांबले.

हात वरच होता. मुलं त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेली, पाणी दगडाला वळसा घालून जातं तशी. एकाचंही पाऊल चुकलं नाही.

विद्याधर मोजत होता. कधी सुरू केलं ते त्याला कळलं नाही. देशमुखांच्या फाटकापासूनच असणार. चाळीस. चव्वेचाळीस. मुलं पहिलं घर ओलांडून गेली. दुसरं. चौसष्टाला तिसरं घर संपलं.

आता हात खाली यायला हवा होता.

आला नाही.

मुलं चालत राहिली. चौथं घर. पाचवं.

“मास्तर,” विद्याधर व्हरांड्यातून म्हणाला.

मास्तर हात वर करून उभे होते. हात कोपरापाशी थरथरायला लागला होता.

“मास्तर, तिसरं घर गेलं.”

“असेल.”

“असेल काय? मुलं पुढे गेली.”

“मला इथून दिसत नाही.”

“मग हात खाली करा. त्यांना कळेल.”

“दुखवट्याच्या घरासमोर हात खाली करता येत नाही, विद्या.”

“मग तुम्ही पुढे चला ना!”

मास्तर कडेला सरकले. डाव्या हाताने त्यांनी फाटक धरलं. उजवा वरच.

सातवं घर. शेवटच्या रांगेतल्या एका मुलाने मागे वळून पाहिलं आणि लगेच मान समोर केली. पण पाऊल चुकलं नाही. मुलं चौकाच्या वळणाकडे निघाली होती. वळणापलीकडे शे-दीडशे पावलांवर मैदानाचं फाटक होतं. तिथे शाळा जमली असणार, आईबाप खुर्च्यांवर बसले असणार. आणि बँड असाच आत जाणार होता. वाद्यं हातात. ओठ हलतायत. आवाज नाही.

“ती अशीच जातील मास्तर.”

“जातील.”

“पार मैदानात.”

“मुलं आहेत. सांगितलंय तसं करतात.”

“कोणीतरी हात खाली करायला हवा.”

मास्तरांनी फाटक आणखी घट्ट धरलं.

“मास्तर, तुमचा हात…”

“आहे अजून.”

शुभदा म्हणाली, “पडतील ते.” मग विद्याधरकडे न बघता म्हणाली, “तुम्ही तरी जा.”

विद्याधर पायऱ्या उतरला. फाटकापाशी आला. मास्तर दोन हातांच्या अंतरावर होते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि त्याला तंबाखूचा, पितळेच्या पॉलिशचा वास येत होता, चाळीस वर्षांपूर्वी यायचा तोच.

“मी क्लॅरिनेट नाही आणलं,” विद्याधर म्हणाला.

“मागितलं नाही.”

“माझ्या पायात चप्पल नाही.”

“दिसतंय.”

“मास्तर, माझ्याच्यानं…”

मुलं वळणावर पोहोचली होती. पहिली रांग दिसेनाशी झाली. मग दुसरी. सलोमी गेली, आणि तिच्या डावीकडची मोकळी जागाही गेली.

विद्याधर चालू लागला.

पहिलं घर त्याने चालत ओलांडलं. दुसरंही. त्याने फक्त खाली रस्त्याकडे पाहिलं. डांबर अजून गार होतं. तिसऱ्या घराच्या फाटकाशी तो आला आणि एकदम उभा राहिला.

चाल कुठे पोहोचली होती, ते त्याला आठवेना. चौसष्टपर्यंत मोजलं होतं. त्यानंतर तो बोलत राहिला होता. मास्तरांशी. शुभदाशी. एक आख्खा नाच गप्प होऊन गेला असेल. कदाचित दुसरा अर्ध्यावर आला असेल. खंजिरीच्या किती जागा येऊन गेल्या?

तो मागे वळला.

त्याच्या घराच्या फाटकापाशी एक म्हातारा हात वर करून उभा होता. शुभदा फाटकाबाहेर आली होती. तिने मास्तरांचा दुसरा हात धरला होता.

“मास्तर!” विद्याधर ओरडला. आवाज फाटला. “माझी मोजणी चुकली! कुठून सुरू करायचं?”

वळणापलीकडून पावलांचा आवाज अजून येत होता. बारीक. सारखा.

शमुवेल मास्तरांनी हात वरच ठेवला.

“मुलांना विचार.”